अकरा रियालचा ब्रश

अल खोरला जुलैत थंड नळ पोळतो.
म्हणून आम्ही गीझर बंद ठेवतो,
रात्रभर त्याच्या पोटात निवलेलं पाणी
पहाटे गरम नळातून गार येतं.
इथे आल्यावर पहिला धडा हा:
लाल म्हणजे निळं, निळं म्हणजे लाल.

पावणेचारला मी आरशापुढे. साडेचारला बस.
प्लांटवर दाढी चालत नाही.
धर्माचा प्रश्न नाही, मास्कचा आहे.
रबर गालाला घट्ट बसलं पाहिजे,
खुंटाएवढ्या फटीतून गॅस आत येतो
आणि मग घरी फोन
दुसऱ्याच कुणाला तरी करावा लागतो.

नाना खेडच्या कोर्टात बेलिफ होते.
रिटायर झाले, दाढी वाढवली
आणि ब्रश माझ्या बॅगेत टाकला.
लाकडी मूठ, मुठीला चीर,
चिरेत जुन्या साबणाची पांढरी रेघ.
आधी भिजत घालावा लागे, हरभऱ्यासारखा.
भिजला की वास यायचा,
गोठ्याचा नव्हे, पण कुठल्या तरी जिवाचा.
रोज एखादा केस गालावर सोडून जायचा.
मी म्हणायचो, नानांचं टक्कल ब्रशलाही लागलं.

तिघांत एक फळी.
माझा ब्रश, दिलबहादूरचं तेल,
इलियास पारकरचा टूथब्रश.
एके दिवशी टूथब्रश फळीवरून उठला
आणि इलियासच्या कपाटात राहायला गेला.
मागोमाग पेस्टही.
तो काही बोलला नाही. दाभोळचा माणूस,
वारा फिरायच्या आत होडी वर ओढतो
आणि शेजाऱ्याला फक्त राम राम करतो.

महिन्याने मुठीच्या बुडाशी झिजलेली अक्षरं दिसली:
प्युअर ब्रिसल.
म्हणजे काय, फोरमनला विचारलं.
त्याने बोटाने स्वतःचं नाक वर दाबलं
आणि डुकरासारखा आवाज काढला.

छत्तीस वर्षं नाना दारोदार समन्स पोचवत होते.
हे एक पोचवायचं राहिलं.

त्याच शुक्रवारी नवा आणला, अकरा रियाल.
काळी मूठ, केस मुळाशी करडे, टोकाला पांढरे,
रंगवलेले, कुठल्याशा जनावराची नक्कल.
भिजवायला नको. दोनदा झटकला की तयार.
इथलं पाणी समुद्राचं, मीठ काढून घेतलेलं,
तीन फेऱ्यांत फेस कानापर्यंत.
गालावर जरा जास्तच उसळतो,
पहिल्या दिवशीच्या कारकुनासारखा.
परत येईस्तोवर खडखडीत कोरडा.
वास कसलाच नाही.
त्याचीच सवय व्हायला वेळ लागला.

टूथब्रश फळीवर परत आला.
त्याबद्दलही कुणी काही बोललं नाही.

ऑगस्टात वाफेने इलियासचा उजवा हात भाजला,
आणि दुसऱ्या दिवशी फिट टेस्ट.
नापास म्हणजे स्टोअर, ओव्हरटाइम बंद,
आणि दाभोळला स्लॅब अर्धाच ओतलेला.
त्याला उपड्या बादलीवर बसवला.
हनुवटीखाली, जिथे केस उलटे वाढतात,
तिथे ब्रश गोल गोल फिरवला.
डोळे मिटून तो म्हणाला,
"ह्यात कोण आहे?"
"कुणी नाही. तेलातून काढतात.
आपण काढतो त्याच तेलातून असेल."
"म्हणजे आपणच की रे."
"हसू नकोस. कापेल."

सकाळी रोडेलने डोक्यावर टोपडं चढवलं,
आत कडू फवारा मारला.
"कडू लागलं की हात वर."
डावीकडे बघ. उजवीकडे. वर. खाली.
बोलत राहा, काहीही.
इलियास पाढे म्हणत होता, मराठी शाळेतले,
एकोणतीसचा, तोही न अडखळता.
बँडेजचा हात मांडीवर, दुसरा त्याच्यावर.
मी त्या हातांकडेच बघत होतो.

नाना फोनवर विचारतात, ब्रश टिकलाय ना?
मी म्हणतो, हो.
केस गळायचे थांबलेत आता.